वच्छलाबाईचं तांबं

जळगावच्या एमआयडीसीत वच्छलाबाईला सगळे भांडेवाली म्हणायचे. म्हणू द्या. पाच मायक्रॉनची तांब्याची पूड तिच्या हातानं तयार झाली, आणि हे त्या म्हणणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मायक्रॉन म्हणजे काय ते तरी कुठं माहीत होतं.

ती एरंडोलकडची. नवरा विहिरीच्या कामावर गेला तो परत आला नाही, तेव्हापासून लग्नातली भांडी घासायची. चिंधा आचारी जिथं जाईल तिथं ही त्याच्या मागं. वीस-वीस हंडे, घंगाळं, बंब, सगळं तांब्याचं. चिंच आणि मीठ चोळलं, राखेनं घासलं, पाणी मारलं की भांडं नवरीसारखं. तिच्या हातावरच्या रेषा राखेनं बुजून गेल्या होत्या. मंडपात कोणी तिचं तोंड पाहिलं नसेल, पाठच पाहिली.

रुपचंद भेटला तोही असाच, पाठीमागून. पाचोऱ्याला त्याच्या भाचीचं लग्न होतं. जेवण झाल्यावर हात धुवायला तो मागच्या बाजूला आला आणि तसाच उभा राहिला, खरकटा हात हवेत धरून. वच्छलाबाई राखेच्या टबातलं वरचं पाणी ओतत होती. टब एवढा मोठा, पण तिनं तो असा कलता केला की पाणी गेलं आणि खालची मऊ राख जागची हलली नाही. एक कण नाही.

"काय देखी राह्यनात भाऊ? पंगत तिकडे शे," ती म्हणाली.

"जेवलो मी. तुम्ही परत एकदा ओता बरं."

"याड लागी गयं का तुमले?"

तिनं परत ओतलं. रुपचंद उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, जळगावला याल कामाला? हेच काम. पाणी ओतायचं, गाळ ठेवायचा."

"गाळ लोके फेकतस. तुम्ही ठेवनार?"

"आमचा गाळ तांब्याचा आहे."

हा रुपचंद नववी नापास. धुळ्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या त्यानं. तिथले एक सर तांब्याची बारीक पूड करून पाहत होते. बारीक म्हणजे मैद्याहून बारीक. सर रिटायर झाले, त्यांचे कागद कपाटात गेले, पण रुपचंदच्या हातात सगळं राहिलं. किती गरम, किती थेंब, कधी थांबायचं. त्यानं ते एका वहीत उतरवलं आणि १९८८ साली पर्मनंट नोकरी सोडून जळगावात एक पत्र्याची शेड घेतली. त्याची बायको यशोदाबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. तिचंही चुकलं नाही. अशी नोकरी कोणी सोडतं का.

पण त्याच्या डोक्यात धुळ्याची एक फॅक्टरी बसली होती. पंख्याच्या आणि मोटरच्या दांड्याभोवती बसणारे बुश बनवायची. तांब्याची पूड साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, झाला बुश. ती पूड त्यांना लांबून यायची. तिथल्या केमिस्टनं, लीलाधर साहेबांनी, रुपचंदला सांगितलं होतं की पाच मायक्रॉनचा माल द्या, आम्ही तुमच्याकडून घेऊ. नमुने तीन. तिन्ही फेल झाले तर विषय बंद.

दोन फेल झाले होते.

काम दिसायला सोपं. मोरचूद घ्यायचं, शेतकरी फवारणीला नेतात तेच निळे खडे. पाण्यात विरघळवायचं. त्यात सातपुड्यातल्या धावड्याच्या डिंकाचं पाणी टाकायचं. मग कॉस्टिक, मग ग्लुकोज, आणि पिंप गरम करायचं. निळ्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं नारंगी, नारंगीचं विटकरी. शेवटी हायड्रॅझिन, थेंबाथेंबानं. त्याचा वास नाकातून थेट मेंदूत जातो. ते पडलं की विटकरी रंग मरतो आणि तांबं जन्माला येतं, पाण्यात उडणारं, गुलाबी.

डिंक कशाला, असं वच्छलाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. रुपचंद म्हणाला, "तांब्याचा कण जन्मला की दुसऱ्याला मिठी मारायला धावतो. मिठी मारली की जाडा होतो. डिंक मध्ये उभा राहतो."

"सासूसारखा."

"तसंच समजा."

आणि ढवळणं. सगळा खेळ ढवळण्यावर होता. एका चालीत ढवळलं तर कण एकसारखे, चाल मोडली की माल जाड. ढवळायला मोटर होती, पण लाईट कुठं होती. पहिल्या नमुन्याला मोटर मधेच बंद पडली. दुसऱ्याला रुपचंदनं घाईत हायड्रॅझिन भसकन ओतलं, लाईट जायच्या आत उरकावं म्हणून. दोन्ही वेळा लीलाधर साहेबांनी कागदावर एकच शब्द लिहिला: जाड.

दुसरा कागद आला त्या दिवशी रुपचंद शेडच्या दारात बसला आणि म्हणाला, "तिसरा गेला तर शेड जाईल, वच्छलाबाई. मी कुठल्या तोंडानं धुळ्याला जाऊ?"

शेड गेली तर आपलं काय जाईल ते वच्छलाबाईला बरोबर माहीत होतं. या शेडमध्ये तिला बसायला स्टूल होतं. रुपचंद तिला अहो म्हणायचा. पाणी ओतायच्या आधी विचारायचा, "बसला का गाळ?" आणि ती हो म्हणाली तरच पुढचं काम व्हायचं. जन्मात तिच्या हो-नाहीवर कोणाचं काम अडलं नव्हतं.

तिसरा माल मार्चमधल्या एका मंगळवारी घेतला. गुरुवारी धुळ्याला द्यायचा होता. विटकरी रंग आला, रुपचंदनं हायड्रॅझिनची तोटी उघडली, आणि वीस थेंब पडले नसतील तर मोटर घरघरली आणि थांबली.

"गेलं," रुपचंद म्हणाला. एवढंच. हात तोटीवर तसाच.

वच्छलाबाईनं कोपऱ्यातलं लाकडी वल्हं ओढलं आणि पिंपात घातलं. "तुम्ही थेंब मोजा, भाऊ."

"दीड तास आहे हे."

"मी दोन पायली दळेल शे एका बैठकीत. मोजा."

तिनं जात्याची चाल धरली. तोंडावर बांधलेल्या ओल्या फडक्याआड ओवीनं ओठ हलत होते, आवाज नव्हता. वासानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांदे भरून आले होते, पण वल्हं ना जलद झालं ना हळू. रुपचंद तिच्या वल्ह्याकडं बघून थेंब सोडत होता. लाईट आली तेव्हा माल पडून गेला होता.

मग परीक्षा. फूटभर उंच काचेची नळी, त्यात पाणी, चिमूटभर माल, हलवायचं आणि घड्याळ बघायचं. जाड कण लवकर तळाला जातात. पहिले दोन नमुने चार मिनिटांत बसले होते. हा बसेना. पाच मिनिटं झाली. दहा झाली. दोघं पिंपाला टेकून नळीकडं बघत बसले. नळीत गुलाबी धुकं लटकलेलं. पाऊण तासानं ते तळाला टेकलं, आणि रुपचंदनं वही उघडून आकडा काढला.

"पाच," तो म्हणाला. आणि नळी हातात घेऊन शेडच्या बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. शेजारच्या डाळमिलचे हमाल बघायला लागले.

बुधवारी सुकवायचं होतं. त्याला हवाबंद पेटी होती, आतली हवा पंपानं ओढून घ्यायची. तांबं एवढं बारीक झालं की हवेला घाबरतं. दुपारी लाईट गेली, पंप थांबला, आणि पेटीच्या जुन्या रबरातून हवा आत गेली. उघडलं तर तीन किलो मालाचा रंग काथासारखा झालेला. तपकिरी, मेलेला.

रुपचंदनं चिमूट उचलली, चोळली, खाली टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो सायकल काढून पोस्टात गेला, धुळ्याला फोन लावून चार दिवस वाढवून मागायला.

वच्छलाबाई शेडमध्ये एकटी. समोर ट्रेमध्ये काळं पडलेलं तांबं. आता तुम्हीच सांगा, जिनं पंधरा वर्षं काळं पडलेलं तांबं उजळवलं, तिला दुसरं काय सुचणार? तिच्या डब्यात चिंच होती. चहाच्या टपरीवरून तिनं मूठभर मीठ आणलं. चिंचेचा कोळ केला, मीठ टाकलं, आणि दोन किलो माल त्यात सोडला. चिंच तेवढीच होती म्हणून एक किलो तसाच काळा राहिला, तो तिनं काचेच्या बरणीत भरून झाकण लावून ठेवला.

हात फिरवला आणि रंग उघडला. गुलाबी, कालपेक्षाही गुलाबी. तिनं सात पाण्यांनी धुतलं. प्रत्येक वेळी गाळ बसू दिला, वरचं पाणी ओतलं, एक कण जाऊ दिला नाही. तिच्यासारखं दुसऱ्या कोणाला ते जमलंच नसतं.

रुपचंद परत आला. चेहऱ्यावरून कळत होतं की तिकडून उद्या म्हणजे उद्या असंच उत्तर मिळालंय. ट्रे पाहिला आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"काय केलं?"

"धवं."

"कशानं?"

शेडचा एक नियम होता. विचारल्याशिवाय पिंपात बाहेरची वस्तू टाकायची नाही. पहिल्याच महिन्यात तिनं हळद-कुंकू वाहिलं होतं पिंपाला, तेव्हा रुपचंद पहिल्यांदा आणि शेवटचा ओरडला होता. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चार महिन्यांनी ते हसत होतं.

"पानीघाई. आखो कशानं धवतस?"

चिंच-मिठाचं नाव तिनं काढलं नाही, नुसतं पाणी सांगितलं. त्यानं परत विचारलं नाही. माल स्पिरिटनं धुतला, लाईट आल्यावर पेटीत सुकवला, प्लास्टिकच्या पिशवीत भरला, तोंड मेणबत्तीवर चिकटवून बंद केलं. जाताना वच्छलाबाईनं ट्रेमधली उरलेली चिमूट कागदात बांधून घरी नेली. तिच्या घरी नवीन काही पिकलं, घडलं, आलं, की त्यातलं पहिलं देवापुढं. तिनं ते तांबं देवापुढच्या वाटीत ठेवलं, शेजारी पाण्याचा गडू, आणि हात जोडले.

सकाळी दिवा लावायला बसली आणि हात थांबला. वाटीतलं तांबं कडेनं हिरवं झालं होतं. बोट लावलं तर ढेकूळ.

तिला समजायला एक क्षण लागला नाही. कळकलं होतं. चिंच-मीठ लावलेलं भांडं नीट पुसलं नाही तर काठाखाली असंच हिरवं येतं. पण भांड्याला पुसता येतं फडक्यानं. या पिठाला कुठं पुसणार? सात पाण्यांनी धुतलं तरी एवढ्या बारीक कणांच्या सांदीत मीठ बसलं ते बसलंच. आणि रुपचंद सातच्या गाडीनं गेला होता.

घड्याळ तिच्या घरात नव्हतं. तिनं पदर खोचला आणि पळत शेड गाठली. तिथं काळ्या मालाची बरणी होती. का घेतली ते तिलाही सांगता आलं नसतं. मोकळ्या हातानं जायची हिंमत नव्हती, एवढंच. स्टँडवर धुळ्याची गाडी लागायला तासभर होता. मग गाडी मिळाली तर एरंडोलला थांबली, पारोळ्याला थांबली, कंडक्टर चहाला उतरला.

"भाऊ, लवकर चाला ना," ती खिडकीतून म्हणाली.

"का गं आजी, धुळ्याला लगीन लागतंय का तुझं?"

गाडीतले हसले. ती बरणी पोटाशी धरून बसली. कोणी बाजूला बसलं तर ती बरणी दुसऱ्या बाजूला घ्यायची, जसं काही ते चोरतील. डोक्यात एकच चाललेलं, पिशवी अजून उघडली नसेल. साहेब उशिरा येत असतील. मोठे लोक उशिराच येतात.

धुळ्याला उतरून रिक्षा केली. फॅक्टरीच्या गेटवर छगन नावाचा वॉचमन होता. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "कँटीनची भांडी घासायला बाई भेटली आम्हाला. जा."

"मी भांडा घासाले नही उनू. लीलाधर साहेब."

"साहेबांना काय द्यायचंय? बरणीत लोणचं आहे का?"

"तांबं शे," ती म्हणाली आणि त्याच्या हाताखालून आत गेली. छगन मागं पळाला. ओरडत पळाला, पण ती पुढं होती.

लीलाधर साहेबांच्या खोलीत पंखा चालू होता. टेबलावर पिशवी फाडलेली. आत हिरवट ढेकळं, मध्ये कुठं कुठं गुलाबी. रुपचंद समोरच्या बाकावर बसला होता, हात गुडघ्यांमध्ये. तो हातांकडं बघत होता, एकोणीस वर्षं नळ्या धुतलेल्या.

"साहेब, माझ्या हातून गेलं ते असं नव्हतं," तो म्हणत होता. "देवाशपथ नव्हतं."

"मीनी करं," वच्छलाबाई दारातून म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"काळं पडी गयं व्हतं. मी चिंच लाई, मीठ टाकं. भाऊले सांगं नही. यास्ना काही दोष नही, साहेब."

छगन तिचा दंड धरायला आला तर साहेबांनी त्याला हातानंच परत पाठवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"मीठ," ते म्हणाले. "बाई, मीठ माझ्या भट्टीत गेलं असतं तर भट्टी खाऊन टाकली असती त्यानं. बरं झालं आधीच हिरवं झालं." मग रुपचंदला म्हणाले, "काळं पडलं होतं म्हणून उजळवलं?"

"हो."

"कशाला? आमच्या भट्टीत हायड्रोजन सोडतो आम्ही. त्यात काळेपणा आपोआप जातो. थोडा रंग उतरलेला माल मला चालतो. मी कागदावर रंग लिहिला होता का कुठं?"

रुपचंदनं खिशातून कागद काढला. घडीवर घडी पडून मऊ झालेला. वरून खाली वाचला, परत वाचला. कण किती, ओल किती, लोखंड किती. रंग नव्हता. कुठंच नव्हता.

वच्छलाबाईनं बरणी टेबलावर ठेवली. "मंग हाई घ्या. हाई काळं शे."

साहेबांनी झाकण काढलं, चिमूट घेतली, बोटांत चोळली. मग काचेची नळी आणली. पाणी, चिमूट, हलवलं, आणि घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. तिघं बसले. नळीत तपकिरी धुकं लटकलं. दहा मिनिटं. बाहेर जेवणाची घंटा झाली, साहेब उठले नाहीत. पंचवीस मिनिटं. वच्छलाबाई नळीवरची नजर काढत नव्हती, जणू तिच्या नजरेनंच ते वर धरलेलं होतं. पाऊण तास झाला तेव्हा तळाला पहिली जाड रेघ दिसली.

"पाच," साहेब म्हणाले. "बरोबर पाच. एकसारखा." आणि घड्याळ परत मनगटावर बांधलं.

"मग?" रुपचंद.

"रुपचंदभाऊ, तिसरा नमुना मी सकाळी साडेदहाला फेल लिहिला. वही वर गेली. वरून मुंबईच्या पार्टीला होकार गेला, वर्षभराचा. अकरालाच गेला. मी बारा वाजेपर्यंत नुसता थांबलो असतो तर," पुढचं त्यांनी गिळलं. "आता वर्षानं या. त्याच्या आत माझ्या हातात काही नाही."

वर्षभर शेड थांबणार नव्हती. साहेबांना ते माहीत नव्हतं आणि रुपचंदनं सांगितलं नाही. साहेबांनी एका कागदावर लिहून दिलं की अमुक माल पाच मायक्रॉन, एकसारखा, आणि खाली सही केली. त्या कागदाचा काही उपयोग नव्हता हे तिघांनाही कळत होतं.

परतीच्या गाडीत दोघं एका बाकावर बसले. पारोळा आलं. मग रुपचंद खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी विचारलं होतं. कशानं धुतलं म्हणून."

"तुम्ही इचारं तवय तुमनं तोंड हासरं व्हतं, भाऊ."

एरंडोलला गाडी थांबली तेव्हा तो तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं मी. मला माहीत होतं पाण्यानं काळं जात नाही. एकोणीस वर्षं माहीत होतं." उतरताना त्यानं साहेबांचा कागद तिच्या हातात दिला. "वल्हं तुम्ही मारलं. हा तुमचा."

जूनमध्ये शेड गेली. तिथं आता प्लास्टिकच्या चटया विणतात. रुपचंद पारोळ्याला एका शाळेत घंटा वाजवतो, कोणाशी फार बोलत नाही. लोक म्हणतात एका बाईनं त्याचं वाटोळं केलं. त्या लोकांनी दीड तास सोडा, पाच मिनिटं तरी वल्हं मारून दाखवावं हायड्रॅझिनच्या वासात, मग बोलावं.

वच्छलाबाई परत चिंधाच्या मागं. कागद देवाच्या फळीवर आहे, तिला वाचता येत नाही. चिंधाला सगळी हकीगत कळली तेव्हापासून त्याची जीभ थांबत नाही. मागच्या लग्नात बंब घासताना म्हणाला, "मीठ घे ना मायंदळ, वच्छलाबाई. का साहेबाची चिठ्ठी लागते?"

"बिगरमिठनंबी निंघस," ती म्हणाली.

नुसत्या चिंचेनं जोर दुप्पट लागतो. खांदा त्या दिवसापासून दुखतोच आहे. तिनं बंब घासला, पाणी मारलं, फडक्यानं पुसला, परत पुसला. मग आत हात घालून काठाखालच्या सांदीत बोट फिरवलं आणि जिभेला लावून पाहिलं. खारट लागलं नाही. तिनं पुढचं भांडं ओढलं.